कुणाकडं जायचंय?

जुन्नर तालुक्यात वाट चुकायला फार हुशारी लागत नाही. गावांची नावंच त्याला पुरेशी आहेत. पिंपळगाव जोगा वेगळं, पिंपळगाव सिद्धनाथ वेगळं, पिंपळगाव तर्फे नारायणगाव त्याहून वेगळं, आणि पिंपळवंडी यांतलं कुठलंच नव्हे. पुणे-नाशिक रस्त्यावर ‘चौदा नंबर’ नावाचा थांबा आहे. पहिल्यांदा येणारा माणूस तिथं उतरून तेरा नंबर शोधतो. ओझरला जायचं असेल तर विघ्नहराचं ओझर की विमानांच्या कारखान्याचं नाशिककडचं ओझर, हे एसटीत चढण्याआधी ठरवलेलं बरं. शेजारच्या तालुक्याची तऱ्हा तर औरच. आंबेगाव तालुक्याला ज्या गावाचं नाव आहे ते आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्यात गेलं. तालुक्याची कचेरी घोडेगावात आहे. आणि पुण्यात नुसतं ‘आंबेगाव’ म्हणालात तर रिक्षावाला तुम्हाला कात्रजकडं नेतो, कारण तिथंही एक बुद्रुक आणि एक खुर्द आंबेगाव आहेच.

त्या मानानं येडगाव सोपं. एकच येडगाव, कुकडी नदीवरचं, धरणाचं. नारायणगावच्या स्टँडवर उतरायचं आणि विचारायचं. पण सोप्या गावाला निघालेला माणूस बेसावध असतो, आणि बेसावध माणूस जितका चुकतो तितका घाबरलेला चुकत नाही.

८०च्या दशकाच्या सुरुवातीला मी पुण्यातल्या एका प्रकाशकाची पुस्तकं जिल्हा परिषदेच्या शाळांना विकत हिंडायचो. खांद्याला पिशव्या, त्यांत थोरांची चरित्रं, विज्ञानाच्या गोष्टी आणि गुरुजींना खूश करायला एखादा शब्दकोश. नारायणगाव हा माझा मुक्कामाचा गाव. तिथून खोडद, हिवरे, येडगाव, ओझर अशा फेऱ्या व्हायच्या. एसटी असली तर एसटी, नसली तर दुधाच्या गाडीत कॅनांच्या बाजूला बसून, आणि तीही चुकली तर पायी.

रस्ता विचारणं हा तेव्हा चांगला लांबलचक कार्यक्रम होता. ‘येडगावला कसं जायचं?’ या प्रश्नाला सरळ उत्तर कुणी देतच नसे. पारावर बसलेला आबा आधी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळायचा, मग पिशव्यांकडं बघायचा.

“कुणाकडं जायचंय?”

“शाळेत.”

“आवो शाळा सुटंल आता. कुणाकडं?”

“गुरुजींकडं.”

“कोणच्या? थोरल्या का धाकल्या?”

थोरले-धाकटे ठरलं की मी कुठला, पुण्यात कुठं राहतो, मूळ गाव कोणतं, लग्न झालंय का, इथपर्यंत चौकशी पोचायची. तोवर आणखी दोघं जवळ येऊन उभे राहिलेले असत. एक म्हणे पाटानं जावा, दुसरा म्हणे पाटानं कशाला, वढ्यानं जावा, जवळ पडतं. मग त्या दोघांचंच जुंपायचं. वढ्याला पाणी आहे की नाही, परवा कोण त्या वाटेनं गेलं होतं, कुणाच्या बांधावरून जाऊ देत नाहीत आणि का देत नाहीत, म्हणजे भाऊबंदकीचा अख्खा खटला मला ऐकायला मिळे. शेवटी ‘ह्ये काय, हितंच तर हाय’ असं म्हणून एखादं पोरगं बरोबर लावून दिलं जाई. ‘हितंच’ म्हणजे दहा मिनिटंही असू शकतं आणि तासभरही. ते पोरगं अर्ध्या वाटेपर्यंत यायचं, मग त्याला घरची आठवण व्हायची, आणि ते समोरच्या मळ्यातल्या बाईला हाक मारून मला तिच्या स्वाधीन करून माघारी पळायचं. मी असा या हातातून त्या हातात पोचवला जात असे.

या चौकशीचा मला तेव्हा फार वैताग यायचा. तिचा उपयोग नंतर कळला. पाहुणा कुणाचा, हे एकदा ठरलं की त्याचं काही बरंवाईट झालं तर जबाब कुणाला द्यायचा तेही ठरत असे. वाट सांगणारा माणूस नुसती माहिती देऊन मोकळा होत नसे. परतताना त्याच पारावरून गेलो, तर ‘भेटलं का गुरुजी?’ असं विचारायला तो तिथं असायचाच. एकदा धाकट्या गुरुजींचं घर मला सापडलं नाही आणि मी तसाच परस्पर निघून गेलो, तर पुढच्या फेरीला पारावरच्या आबांनी मला चांगलं फैलावर घेतलं होतं. त्यांनी म्हणे संध्याकाळी माणूस पाठवून माझी चौकशी केली होती.

शेवटची गाडी चुकली तर आधार असायचा मुक्कामी एसटीचा. संध्याकाळी येऊन रात्रभर गावातच राहणारी आणि पहाटे माणसं, भाजीच्या पाट्या घेऊन निघणारी ही गाडी म्हणजे आडगावात अडकलेल्या माणसाची धर्मशाळाच. ड्रायव्हर-कंडक्टरला कुणाकडून तरी भाकरी-कालवण यायचं. त्यात मलाही वाटा मिळे, आणि मागच्या लांब सीटवर झोपायची परवानगीही. कंडक्टर तिकिटांची पेटी उशाला घेऊन झोपायचा. पहाटे आंघोळ करून आलेली माणसं खिडकीतून टोपी, पिशवी टाकून जागा धरायला लागली की माझी झोप मोडायची.

आणखी एक ठिकाण होतं. नारायणगाव हे तमाशाचं गाव. राष्ट्रपतींकडून गौरव झालेल्या विठाबाई नारायणगावकरांचं गाव. यात्रांचा हंगाम आला की फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच सुपारी द्यायला तिथं येतात. फडाच्या मॅनेजरपुढं वही असते. कोणत्या गावाची यात्रा कोणत्या तिथीला, गाव कोणत्या तालुक्यातलं, ट्रक कुठून वळवायचा, हे त्याला माहीत असावंच लागतं. एका आडवळणी गावाचं नाव घेऊन मी नारायणगावभर फिरलो होतो; कुणालाच सांगता येईना. शेवटी कुणीतरी म्हणालं, राहुटीत विचारा. मॅनेजरनं पान थुंकून क्षणात सांगितलं : गाव पारनेर तालुक्यातलं आहे, यात्रा चैत्रातली, ओढ्याच्या अलीकडं ट्रक उभा करावा लागतो, पुढं जात नाही. शाळेचं मात्र त्याला काही ठाऊक नव्हतं.

येडगावात मी खरा चुकलो तो धरणामुळं. कुकडी प्रकल्पातलं हे धरण १९७७ साली झालं. माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगा आणि घोड नदीवरचं डिंभे ही याच प्रकल्पातली बाकीची धरणं. येडगावपासून कुकडीचा डावा कालवा निघतो आणि पारनेर, श्रीगोंदा, कर्जत करत थेट करमाळ्याकडं जातो, सुमारे अडीचशे किलोमीटर. गावात त्याला कालवा कुणी म्हणत नाही. तो पाट. त्याच्या फुटणाऱ्या फाट्यांना चाऱ्या आणि त्यांच्याही पोटच्या त्या पोटचाऱ्या. पाटाच्या कडेनं देखभालीचा कच्चा रस्ता असतो. दिसायला सरळ, रुंद, मोकळा. नवख्या माणसाला वाटतं, हा कुठंतरी गावाला लागणारच.

तो लागत नाही. रस्ता माणसांसाठी असतो, तो गावाकडून गावाकडं जातो. पाट पाण्यासाठी असतो. पाणी आपोआप वाहत राहावं म्हणून त्याला अगदी मंद उतार देतात, आणि तो उतार सांभाळायला पाट टेकाडाच्या अंगाअंगानं वळत राहतो. एखादी खोलगट जागा आली की आत शिरून, वळसा घेऊन पुन्हा बाहेर येतो. मावळता सूर्य उजवीकडं ठेवून निघालेल्या माणसाला थोड्या वेळानं सूर्य पाठीशी दिसतो. अंधार पडल्यावर तर दिशा म्हणून काही उरतच नाही. मी शाळा उरकून गुरुजींच्या घरून चहा घेऊन निघालो होतो. नारायणगावचा दिवा कुठंतरी दिसेल या आशेवर चालत राहिलो. दिवे दिसले, विझले, दुसरीकडं दिसले. मग वीजच गेली आणि तेही संपलं.

शेवटी दिसला तो बॅटरीचा झोत. एक माणूस रानात दारं धरत होता, म्हणजे वाफ्यांची तोंडं फोडून, बांधून पिकाला पाणी देत होता. पाटाच्या पाण्याची पाळी रात्रीची आली तर रात्रीच उठावं लागतं. पाळी गेली की गेली. त्यानं मला लांबूनच हटकलं.

“कोण हाय तिकडं?”

मी नाव सांगितलं. पुण्याचा, पुस्तकवाला, नारायणगावला चाललोय.

“नारानगाव? आन हिकडं? पार उलट आलाय की तुम्ही.”

वाफा भरायला अजून वेळ होता. त्यानं खोरं रोवलं, बायकोला हाक मारली, आणि ती येऊन पाण्यावर उभी राहिल्यावरच मला घेऊन वस्तीकडं निघाला. घरी म्हातारी जागी होती. तिनं भाकरी, लसणाची चटणी आणि दुपारचं कालवण पुढ्यात ठेवलं. ओट्यावर घोंगडी टाकून दिली. सकाळी तो मला सायकलवर पुढच्या दांडीवर बसवून डांबरीपर्यंत घेऊन आला. रात्रभर पाण्यात उभं राहिल्यानं त्याच्या पायांची कातडी पांढरी पडली होती, आणि तशा पायांनी तो पायडल मारत होता. मी पैसे काढले तर रागावला. शेवटी पिशवीतलं एक चरित्र त्याच्या मुलासाठी दिलं. ते त्यानं आधी उघडून पाहिलं, कितवीच्या पोराला चालंल असं विचारलं, आणि मग घेतलं.

त्या सकाळी वाटेत तो मला एकेक जागा दाखवत होता. इथं आमचं रान होतं. तिथं, ते पाणी चमकतंय ना, तिथनं बैलगाडीची वाट होती, त्या वाटेनं आम्ही नदी उतरून पलीकडं पाहुण्यांकडं जायचो. आता तिकडं जायला केवढा वळसा पडतो. ज्या जागा तो सांगत होता त्यांतली निम्मी पाण्याखाली होती, आणि तरी तो त्या बोटानं दाखवत होता. पुढं माझ्या लक्षात आलं की या पट्ट्यातली जुनी माणसं वाट सांगताना नेहमीच असं करतात. ‘जुन्या वाटेच्या वरल्या अंगाला’, ‘बुडालेल्या विहिरीच्या समोर’. नवख्याला त्याचा काडीइतका उपयोग नाही. पण त्यांच्या डोक्यात दोन नकाशे आहेत, धरणाआधीचा आणि धरणानंतरचा, आणि बोलताना ती माणसं एकातून दुसऱ्यात जातात. डिंभ्याच्या वरच्या अंगालाही हेच. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं की जुन्या आंबेगावचे दगडी अवशेष उघडे पडतात. तेव्हा तिथले म्हातारे कुणाचं घर कुठं, हे नातवंडांना चालत जाऊन दाखवतात. स्वतःच्या वाटा ज्यांनी अशा घालवल्या, तीच माणसं परक्याला वाटेला लावायला सगळ्यांत आधी उठतात, असा माझा अनुभव आहे. त्याचं कारण मी शोधत बसलो नाही.

या मुलखात चुकण्याची परंपरा तशी जुनीच आहे. जुन्नर मोगलांकडं असताना, १६७५ साली, तिथल्या मोगल अधिकाऱ्याच्या बोलावण्यावरून जॉन फ्रायर नावाचा इंग्रज डॉक्टर कल्याणकडून निघाला. सरळ नाणेघाटानं यायचं, तर वाट चुकली आणि मंडळी एका भलत्याच उभ्या घाटाला लागली. हा घाट बहुधा आंबेगाव तालुक्यातल्या आहुप्याचा. जीव मुठीत धरून तो वर आला, औषधपाण्याचं काम केलं, शिवनेरी पाहिला, आणि परतताना नाणेघाटानं उतरला तेव्हा त्याला कळलं की केवढी सोपी वाट आपण सोडली होती. सातवाहनांच्या काळापासून व्यापाऱ्यांचे तांडे ज्या वाटेनं चढत आले, जिच्या माथ्यावर जकातीचा म्हणून दगडी रांजण आजही दाखवतात, ती वाट या गृहस्थाला सापडली नव्हती. त्यानं हे सगळं लिहून ठेवलं. त्याचं सामान डोक्यावर घेऊन तो घाट चढलेल्या माणसांनी काय म्हटलं असेल, ते मात्र कुणी लिहून ठेवलेलं नाही.

नव्वदीच्या दशकात खोडदच्या बाजूला महादुर्बीण उभी राहायला लागली तेव्हा वाटलं, चला, आता चुकायची भीती नाही. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानं उभी राहिलेली ही जीएमआरटी म्हणजे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. एवढी मोठी खूण कुठूनही दिसणार. पण त्या सगळ्या एका जागी नाहीत. १४ मधोमध दाटीनं आहेत, आणि उरलेल्या १६ तीन दिशांना पसरलेल्या तीन हातांवर, पार २५ किलोमीटरच्या टापूत. त्यामुळं एखादी तबकडी दिसली म्हणून खोडद आलं असं समजून चाललात तर भलत्याच गावात निघाल. बरं, तिच्या तोंडाकडं बघून दिशा ठरवावी, तर ती आभाळातल्या कुठल्या तरी ताऱ्यामागं सारखी वळत असते. शहरी रेडिओलहरींचा गोंगाट इथं कमी म्हणून ही जागा निवडली होती. त्या शांततेला धक्का नको म्हणून पुणे-नाशिक रेल्वेचा आखलेला मार्गसुद्धा इथं येऊन अडला. एवढी मोठी रेल्वे जिथं वाट शोधत थांबते, तिथं पिशवीवाल्या माझी काय कथा!

आता इथवर लिहिलेलं वाचून कुणी म्हणेल, काय माणसं होती ती! होतीच. पण ‘कुणाकडं जायचंय’ या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न असायचा, आणि तो आडनावाचा होता. माझं आडनाव ऐकून ज्या ओट्यावर घोंगडी अंथरली गेली, त्या ओट्यावर सगळ्या आडनावांना जागा मिळाली असती का? डोंगराकडून, आहुप्याच्या, नाणेघाटाच्या बाजूनं मजुरीला उतरणारी ठाकर, महादेव कोळी माणसं संध्याकाळी वाट विचारताना मी पाहिली आहेत. त्यांना वाट सांगितली जाई, पोरगं बरोबर लावून दिलं जात नसे. पाणी मिळे, पण ओंजळीत वरून ओतलेलं. राहुट्यांतल्या ज्या बायकांचं गाणं ऐकायला माणसं मैलोगणती चालत जात, त्यांतली एखादी रात्री रस्त्यावर एकटी सापडली असती तर तिची चौकशी कोणत्या शब्दांत झाली असती, हे मी ऐकलेल्या गप्पांवरून सांगू शकतो. इथं सांगणार नाही. माझ्यासारखी पुस्तकांची पिशवी घेऊन एखादी बाई त्या दिवसांत गावोगाव हिंडली असती, तर तिला मुक्कामी एसटीच्या मागच्या सीटवर झोपता आलं असतं का?

परक्याकडं बघण्याची ही नजर नंतर कुठवर गेली तेही आपण पाहिलं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावानं मारून टाकलं. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून फिरत होती. ती माणसं मंगळवेढ्याकडची, भिक्षा मागत गावोगाव फिरणारी. तिथंही सुरुवात चौकशीनंच झाली होती : कोण तुम्ही, कुठले, कशाला आलात. हेच प्रश्न मला जेवू घालण्याआधी विचारले गेले होते. म्हणून जुन्या चौकशीचे गोडवे गाताना माझा आवाज जरा खाली येतो.

मध्यंतरी येडगावला जायचा योग आला. थोरल्या गुरुजींच्या नातवाचं लग्न. पूर्वी पत्रिकेच्या तळाशी ‘येण्याचा मार्ग’ अशी एक ओळ असायची : नारायणगाव स्टँडवरून अमुक गाडी, अमुक थांब्यावर उतरून पूर्वेस दहा मिनिटं. या पत्रिकेवर त्या ओळीच्या जागी क्यूआर कोडचा काळा-पांढरा चौकोन होता. तो लग्नाच्या कार्यालयाचा होता. आम्हाला आदल्या दिवशी हळदीला, घरी जायचं होतं.

भाची गाडी चालवत होती. नारायणगाव आता बायपासनं टळतं. ज्या स्टँडवर माझी चौकशी व्हायची तो स्टँड लागलाच नाही, टोमॅटोच्या बाजाराची गर्दीही लागली नाही. फोनमधली बाई डावीकडं वळा, उजवीकडं वळा म्हणत होती. घराचं नाव घातलं तर तिला ते माहीत होतं, याचं मला नवल वाटलं. मग तिनं आम्हाला पाटाच्या रस्त्यावर घातलं. माझ्या पोटात गोळा आला. भाचीला म्हटलं, हा पाट आहे, हा गावाला लागत नाही. ती म्हणाली, मामा, चार मिनिटं दाखवतंय.

पाटाच्या दोन्ही अंगांना ऊस होता. पूर्वी इथं इतका ऊस नव्हता. धरणं झाली, पाणी खेळलं, विघ्नहर साखर कारखाना उभा राहिला, आणि जिथं बाजरी, मटकी व्हायची तिथं बारमाही हिरवं उभं राहिलं. त्या हिरव्यात बिबटे आले. आता तर ते तिथलेच झालेत. मादी उसातच विते, तोडणीच्या वेळी फडात बछडे सापडतात, आणि वनखात्याची माणसं ते रात्री आईला परत मिळावेत म्हणून त्याच रानात ठेवतात. पकडलेल्या, जखमी बिबट्यांसाठी माणिकडोहला निवारा केंद्र आहे. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या चारही तालुक्यांत शेळ्या, कुत्री तर गेलीच, माणसंही गेली. शेतात जाताना गळ्यात खिळ्यांचा पट्टा बांधणारी माणसं शिरूरकडं दिसली, त्याच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या असतील. शेतीची वीज आठवडाभर दिवसा आणि आठवडाभर रात्री येते. रात्रपाळीच्या आठवड्यात मोटार चालू करायला एकटं जायची आता कुणाची छाती होत नाही. माझा तो दारं धरणारा माणूस आज तिथं नसता. त्याची बॅटरी दिसली नसती, आणि दिसली असती तरी अंधारातून चालत येणाऱ्या आकाराला त्यानं आधी ‘कोण हाय’ विचारलं असतं की पळ काढला असता, कोण जाणे.

फोनमधली चार मिनिटं संपली. ‘तुम्ही पोचलात’ असं म्हणून बाई गप्प झाली. समोर चारीचं बांधकाम आणि त्यापुढं ऊस. घर नव्हतं. बहुधा घर होतं ते चारीच्या पलीकडं, आणि पलीकडं जायला पूल नव्हता. भाचीनं गाडी थांबवली आणि दार उघडून पाय खाली ठेवला.

“ए बये! उतरू नगो! गाडीतनं खाली उतरू नगो!”

उसाच्या पलीकडं एका घराच्या गच्चीवर एक म्हातारी उभी होती, दोन्ही हात वर करून ओरडत होती. भाचीनं दार ओढून घेतलं. म्हातारी आत गेली असावी. एकदम घराबाहेरचे सगळे दिवे लागले, कुत्री भुंकली, आणि थोड्या वेळानं ऊस संपतो तिथून मोटरसायकलीचा दिवा वळून आमच्याकडं यायला लागला. गाडीवर एक पोरगा, मागं बसलेल्या दुसऱ्याच्या हातात काठी. त्यानं हॉर्न धरून ठेवला होता, सलग. ते आमच्यासाठी नव्हतं, उसासाठी होतं.

मी मनात तयारी करून बसलो होतो. कुणाकडं, कुठले, थोरल्या की धाकट्या गुरुजींकडं. त्यानं यातलं काहीच विचारलं नाही. काचेतून आत डोकावला, भाचीच्या हातातला फोन बघून हसला.

“सगळी हितंच येत्यात. परवा गॅसची गाडी आलती. कालच्याला एक फॅमिली आलती, त्यांना ओझरला जायाचं हुतं, गणपतीला.”

“मग इथं पाटी का लावत नाही?” भाचीनं विचारलं.

“लावली हुती. कुणी बघतच न्हाय, समदी फोनकडं बघत्यात. मामी तेवढी गच्चीवरनं बघती. गाडी आली की वरडती.”

म्हणजे त्या म्हातारीची ती रोजची ड्यूटीच होती. तिच्या सासऱ्यानं कदाचित कुणाला ओट्यावर झोपवलं असेल. ती कुणाला उतरूच देत नाही. मला त्या आरोळीत अंथरलेल्या घोंगडीपेक्षा कमी काही वाटलं नाही. उलट, आडनाव विचारायलाही तिच्याकडं वेळ नव्हता, हे मला बरं वाटलं. गच्चीवरून गाडीतल्या माणसाची जात दिसत नाही, त्याला धोका आहे एवढंच दिसतं.

पोरानं मोटरसायकल वळवली. “माझ्या मागं या. डांबरी लागंस्तोवर फोनचं ऐकू नका. डांबरीला लागल्यावर मग काय ऐकायचं ते ऐका.”

गाडी निघण्याआधी जुन्या सवयीनं मी काच अर्धी खाली केली आणि विचारलं, “कुणाचा रे तू? आडनाव काय तुझं?”

त्यानं माझ्याकडं जरा चमत्कारिक नजरेनं पाहिलं.

“आडनाव कशाला पायजे, आजोबा?” तो म्हणाला. “आधी काच वर घ्या.”